‘नीराग इळिब्याड’ आणि मिलोसचा समुद्र

आमच्या घरात एक वाक्य देवाच्या आरतीसारखं रोज म्हटलं जायचं: ‘नीराग इळिब्याड.’ माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कानडी. लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीतली जी चार-दोन वाक्यं कळायची, त्यातलं हे पहिलं. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, ते नातवंडांना म्हणायच्या, शेजारच्या पोरांना म्हणायच्या, ओढ्याकाठी म्हैस घेऊन निघालेल्या गड्यालाही म्हणायच्या.

कारण मला घरच्या कुणी सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं. यांचे मोठे भाऊ सतराव्या वर्षी मलप्रभेत बुडाले. हे तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि काठावर उभे होते. माजघरात त्यांचा हार घातलेला फोटो होता, पण त्याविषयी बोलायचं नाही असा न सांगितलेला नियम होता.

आणि मी? मी विहिरीत पोहणारी मुलगी! पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून वडिलांनी मला आमच्या मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं. आठवड्यात डबा सुटला, महिन्यात मी काठावरून उड्या मारू लागले. तेरावं लागलं आणि आजीनं ‘आता पुरे’ म्हटलं, तेव्हा ते थांबलं ते थांबलंच. सासरी आल्यावर तर मला पोहता येतं हेही मी बोलले नाही. आमच्या मुलाला आम्ही पोहायला शिकवलं नाही. तो इंजिनियर झाला, जर्मनीला गेला, पण गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेला नाही.

वाचकहो, या सदरात मी सहसा घरातल्याच गोष्टी लिहिते. आजची गोष्ट ग्रीसच्या एका बेटावरची असली, तरी तीही घरातलीच आहे.

गेल्या सप्टेंबरात मुलानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि आठ दिवस ग्रीसला नेलं. अथेन्स पाहून झाल्यावर पिरेअस बंदरातून जलद बोटीनं तीन तासांत आम्ही मिलोसला पोहोचलो. सँतोरिनीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामानानं मिलोस शांत. पण याच बेटावर 1820 साली एका शेतकऱ्याला जमिनीत संगमरवरी मूर्तीचे तुकडे सापडले. तीच ती जगप्रसिद्ध, हात नसलेली ‘व्हीनस डी मिलो’. मूर्ती पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गेली आणि बेटाकडे नाव उरलं.

मिलोस म्हणजे ज्वालामुखीनं घडवलेलं बेट. नकाशात घोड्याच्या नालासारखं दिसतं आणि मधल्या खोल उपसागरात अदामास हे बंदर आहे. इथल्या डोंगरात काळी, काचेसारखी चमकणारी ऑब्सिडियन नावाची दगडी काच मिळते. तिच्या पात्या सुरीसारख्या धारदार. दहा हजार वर्षांहून आधी माणसं ही काच नेण्यासाठी समुद्र ओलांडून इथे येत होती, कारण मिलोसच्या काचेचे तुकडे ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या गुहेत सापडले आहेत. तांबं-लोखंड हाती येण्याच्या कितीतरी आधी लोक होडी हाकत होते म्हणायचं!

बेटाची खरी शोभा जमिनीवरून दिसत नाही. नैऋत्येच्या टोकाला क्लेफ्टिको नावाची जागा आहे. तिथे मोटार जात नाही. एकतर उन्हातून लांबची पायपीट करायची, नाहीतर बोटीनं जायचं. म्हणून मुलानं दिवसभराच्या बोटीची पाच तिकिटं काढली. माणशी शंभर युरोच्या वर पडले. आकडा ऐकून यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले. पण गप्प बसण्याचं कारण रुपये नव्हतं, हे मला माहीत होतं.

ठरलेल्या दिवशी बोट निघालीच नाही. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा, जोरदार वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टात त्याचा जोर जास्त, पण सप्टेंबरातही तो कधी कधी उठतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरी कप्तानाचा निरोप: आज नाही, उद्या. हे एकदम खूश! ‘पैसे परत घे आणि जाऊ देवळं बघायला,’ म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि सकाळी नऊला आम्ही अदामासच्या धक्क्यावर उभे होतो.

बोट लाकडी, दोन शिडांची. प्रवासी वीसेक. कप्तान पन्नाशीचा, दाढीवाला. त्यानं आधी सगळ्यांची डोकी मोजली, लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते दाखवलं, शिडी कुठली ते सांगितलं. नऊ वर्षांच्या आमच्या नातीला हातानं धरून कठड्याचे नियम समजावले. मग घाई करणाऱ्या एका प्रवाशाला हसत म्हणाला, ‘सिगा सिगा.’ म्हणजे सावकाश. हे शब्द ग्रीसमध्ये दिवसात दहा वेळा कानावर येतात. यांना ते फार आवडले. ‘नम्म निधान निधान,’ म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा सैल होऊन बसले.

उपसागरातून बाहेर पडताना उजव्या हाताला क्लिमा हे कोळ्यांचं गाव लागतं. पाण्याला टेकून घरांची एकच रांग. खाली होडी ठेवायची खोली, वर माणसं. या घरांना सिरमाता म्हणतात. लाल, निळी, हिरवी, पिवळी दारं, शेजारी शेजारी. हिवाळ्यात समुद्र खवळला की होड्या ओढून थेट घरात घेतात. आपल्याकडे गोठा खाली आणि माळा वर असतो तसंच की! व्हीनसची मूर्ती सापडली ती जागा या गावाच्या वरच्या उतारावरच, जुन्या रंगमंडळाजवळ आहे.

पुढे पश्चिम किनारा. माणूस नाही, घर नाही. लाल, पिवळे, राखाडी, पांढरे कडे, जणू कुणी हळद-कुंकू-बुक्का-रांगोळी थराथरानं ओतली आहे. सिकिया नावाच्या गुहेचं छत फार पूर्वी कोसळलं आहे, त्यामुळे आत वरून उजेड पडतो. छोट्या होडीतून आत गेलो तेव्हा सगळे आपोआप हळू बोलू लागले.

आणि मग क्लेफ्टिको. ग्रीकमध्ये क्लेफ्टिस म्हणजे चोर. चाचे आपल्या होड्या इथे लपवायचे, म्हणून हे नाव. पांढऱ्याशुभ्र दगडाचे सुळके, कमानी आणि गुहा सरळ समुद्रातून वर आलेल्या. खालचं पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती. कप्तानानं नांगर टाकला, शिडी सोडली आणि म्हणाला, ‘एक तास. पोहा, बघा, झोपा.’

नात जर्मनीतल्या शाळेत पोहायला शिकलेली. तिनं जॅकेट घातलं, नाक धरलं आणि धाडकन उडी मारली. हे ताडकन उठले. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तोंडातून तेच आलं, अगदी अव्वांच्या आवाजात: ‘नीराग इळिब्याड!’ पोरगी तर केव्हाच पाण्यात होती. तिला कानडी कळत नाही. ती खालून ओरडली, ‘आजी, ये ना!’

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत उभे. दोघांनाही पोहता येत नाही. कप्तानाचा मदतनीस पाण्यात होता, पोरीला जॅकेट होतं, धोका म्हणावा तसा काही नव्हता. पण यांचे हात थरथरत होते. तेव्हा मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

सुनेनं ‘असू दे बरोबर’ म्हणून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला होता. तो मी सकाळी आतून घालूनच आले होते, हे फक्त तिला माहीत होतं. जॅकेट चढवलं आणि शिडीकडे गेले. ‘अगं, तू कुठे?’ हे म्हणाले. मी म्हटलं, ‘अहो, मला पोहता येतं.’

लग्नाला अडतीस वर्षं झाली, वाचकहो, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले.

पहिला श्वास अडकला, कारण विहिरीचं पाणी आणि समुद्राचं पाणी यात फरक. पण चार हात मारले आणि अंगाला सगळं आठवलं. शिवाय भूमध्य समुद्रात मीठ जास्त. साधारण महासागरात लिटरमागे पस्तीस ग्रॅम, तर या भागात अडतीस-एकोणचाळीस. त्यामुळे अंग आपोआप वर राहतं. भरती-ओहोटीही तिथे जेमतेम. वारा नसला की समुद्र तळ्यासारखा. मी नातीजवळ गेले. दोघी कमानीखालून पलीकडे जाऊन परत आलो. वर बघितलं तर हे अजून कठडा धरून उभे. पण आता माझ्याकडे बघत होते, पाण्याकडे नव्हे.

जेवण बोटीवरच होतं. टोमॅटो-काकडी-ऑलिव्ह आणि खारट फेटा चीज, भाजलेले मासे, आणि हे शाकाहारी म्हणून मुद्दाम ठेवलेली लादेनिया. शेजारच्या किमोलोस बेटाची ही खासियत: जाड भाकरीसारख्या पावावर टोमॅटो, कांदा आणि सढळ हातानं ऑलिव्हचं तेल. आपल्या कांदा-टोमॅटो उत्तप्प्याची लांबची बहीण! शेवटी कलिंगडाची गोड वडी आली, तीही मिलोसचीच.

सगळे सुस्तावले तेव्हा हे मुलाला म्हणाले, ‘तुझ्या दोड्डप्पाला पण असंच पोहता यायचं. गावात सगळ्यात चांगलं.’ मुलानं मान वर केली. तीस वर्षांत त्यानं फोटोतल्या काकांविषयी वडिलांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. मग हे बोलत गेले. पावसाळ्यातलं लाल पाणी, पलीकडच्या काठाची पैज, मधला भोवरा. ‘त्याला पोहता येत नव्हतं म्हणून गेला नाही. पुराच्या पाण्यात उतरला म्हणून गेला. पण अव्वानं सगळ्याच पाण्याला दोष दिला. आणि मीही.’ एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. मुलगा काही बोलला नाही, नुसता त्यांच्याजवळ सरकून बसला.

दुपारी पोलिएगोस नावाच्या निर्जन बेटाजवळ दुसरा थांबा होता. नावाचा अर्थच ‘पुष्कळ शेळ्या’, आणि खरंच वर कड्यावर शेळ्या चरत होत्या. तिथलं पाणी मोरपिशी. हे पोहले नाहीत, असं काही चमत्कारिक घडलं नाही. पण शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले. मी आणि नात निघालो तेव्हा मागून हाक आली: ‘ज्वाकी!’

इळिब्याडपासून ज्वाकीपर्यंत यायला आमच्या घराला अर्धं शतक लागलं.

परतताना उत्तरेला ग्लारोनिसिया हे चिमुकले खडक लागले. षटकोनी दगडी खांब, बांधून ठेवल्यासारखे उभे. हे एकदम म्हणाले, ‘हे तर मलपेचं!’ खरंच. उडुपीजवळ मलपेहून होडीनं सेंट मेरी बेटावर जे गेले असतील त्यांना ओळख पटेल. तप्त लाव्हा निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब तयार होतात. तिथलं कारण आणि इथलं कारण एकच. एवढ्या लांब जाऊन कर्नाटकातलाच दगड भेटला म्हणून यांना कोण आनंद!

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बोटीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका, वाऱ्यानं रद्द झाला तर हातात एखादा दिवस राहू दे. मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर बरा, गर्दी आणि वारा दोन्ही कमी. टोपी, लांब बाह्यांचा कपडा, उलटीची गोळी जवळ असू द्या. पोहता येत असलं तरी जॅकेट घालायला लाजू नका. आणि तिथला शांत समुद्र बघून आपल्याकडे तसं धाडस करू नका. गोवा-कारवारचा समुद्र लाटांचा, ओढीचा, भरती-ओहोटीचा. आणि पावसाळ्यातली मलप्रभा तर अजिबात नव्हे.

दिवाळीत दिराचा नातू घरी आला होता. तलावावर पोहण्याच्या वर्गाला नाव घालायचं म्हणत होता आणि घरची मंडळी नेहमीप्रमाणे एकमेकांची तोंडं बघत होती. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, ‘होग. कलिसोरु इद्दाग होग.’ मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ही येईल तुझ्याबरोबर. हिला येतं.’