दार एका फोल्डरपुरतेच उघडा

मोशीतल्या एका फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यात एका नेटवर्कवाल्या मित्राबरोबर जाणे झाले. काम छोटे होते. मुलाचे जुने गेम संगणकात होते आणि ते टीव्हीच्या अँड्रॉइड बॉक्सवर खेळायचे होते. बॉक्सला संगणक दिसत होता, पण फोल्डर काही उघडत नव्हता. मित्राने सवयीने संगणकावर फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, एसएमबी १, चालू केली, पासवर्डची अट काढली आणि अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकला. पाच मिनिटांत टीव्हीवर गेमची यादी आली. मुलगा खूश झाला. त्याच ड्राइव्हवर वडिलांच्या भोसरीतल्या वर्कशॉपची ड्रॉइंग, व्हीएमसी मशीनचे प्रोग्रॅम आणि कोटेशनच्या फायली होत्या.

मित्राला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. हे काम आपण सगळ्याच नेटवर्कवाल्यांनी असे उरकले आहे. पण मोशी-भोसरीच्या आपल्या पट्ट्यात घर आणि कारखाना यांच्यातली भिंत फार पातळ आहे. लॅपटॉप सकाळी एमआयडीसीत जातो आणि रात्री घरच्या वायफायवर येतो. आपणही संध्याकाळी चिखलीच्या सोसायटीत असतो आणि गुरुवारी, शॉप बंद असताना, मशीनच्या केबलपाशी. हात तेच, सवयही तीच.

एसएमबीचा जन्म १९८३ मधला, आयबीएममधला. एकमेकांवर विश्वास असलेल्या छोट्या ऑफिससाठी ती सोय होती. तिच्या पहिल्या आवृत्तीतले भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला. ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यातल्या अनेकांना १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने गाठले. चेन्नईजवळच्या रेनॉ-निसानच्या कारखान्यालाही त्याची झळ बसली. २७ जूनला नॉटपेट्या हे दुसरे मालवेअर आले आणि न्हावा शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल अडले. चाकणचा निर्यातीचा बराचसा माल याच बंदरातून जहाजावर चढतो. नॉटपेट्याने दुसरा धडाही दिला. एका संगणकात सापडलेले पासवर्ड वापरून ते शेजारच्या, पॅच असलेल्या संगणकातही शिरले. सगळ्या मशीनना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवण्याची आपली सोय किती महाग पडू शकते, ते तेव्हा दिसले.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर आपोआप येणे थांबले. २०१९ मध्ये लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सांबानेही एसएमबी १ मुळातच बंद ठेवले. तेव्हा आज बॉक्सला फोल्डर उघडता येत नसेल, तर जुनेपण बहुतेक बॉक्सच्या ॲपमध्ये असते. आधी तिथे बघा. कोडी या मीडिया प्लेयर ॲपच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आणि कमाल आवृत्ती निवडता येते. किमान २ ठेवा.

गेमच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सिनेमा नेटवर्कवरून थेट चालतो, पण जुने गेम चालवणाऱ्या अँड्रॉइडवरच्या बऱ्याच एम्युलेटरना नेटवर्कचा पत्ता कळतच नाही. त्यांना फाइल बॉक्सच्या स्वतःच्या मेमरीत किंवा यूएसबीवर लागते. एन्व्हिडिया शील्डसारखा बॉक्स नेटवर्कचा फोल्डर आपल्या स्टोरेजमध्ये जोडून घेतो, स्वस्त बॉक्सना हे जमत नाही. त्यांच्यासाठी फाइल कॉपी करणे हाच मार्ग. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर ४.७ जीबीची एक डीव्हीडी इमेज जायला साधारण सात मिनिटे लागतात. ग्राहकाला हे आधीच सांगितले, तर घाईत ड्राइव्ह मोकळा करायची वेळ येत नाही.

बॉक्सचीही पारख करा. गूगलच्या प्ले प्रोटेक्टचे प्रमाणपत्र नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये मालवेअर आधीपासूनच भरलेले सापडले आहे. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० या बॉटनेटबद्दल जाहीर इशारा दिला, तो अशाच उपकरणांमुळे. असा बॉक्स घरात असेल तर त्याला गेस्ट वायफायवर ठेवा आणि गेम पेनड्राइव्हवर द्या. घरच्या संगणकाशी त्याची ओळखच करून देऊ नका.

बॉक्स चांगला असेल तर पद्धत सरळ आहे. 'गेम' नावाचा एक फोल्डर करा आणि तेवढाच शेअर करा. बॉक्ससाठी वेगळा युजर, वेगळा पासवर्ड, आणि हक्क फक्त वाचण्याचा. खेळ जिथे सेव्ह होतो ती फाइल बॉक्समध्येच राहू द्या. संगणकाचा आयपी राउटरमध्ये पक्का करा, म्हणजे पत्ता बदलला म्हणून आठवड्याने ग्राहकाचा फोन येणार नाही. या सगळ्याला फार तर वीस मिनिटे जादा लागतात.

हीच शिस्त शॉपफ्लोअरवर न्या. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या कंट्रोलरला एसएमबी १ पलीकडचे काही कळत नाही आणि तो बदलायचा खर्च लहान वर्कशॉपला झेपत नाही. अशा वेळी मध्ये दोन नेटवर्क कार्डांचा एक साधा संगणक ठेवा. एका बाजूला फक्त मशीन, दुसऱ्या बाजूला ऑफिस. जुने एसएमबी मशीनच्या बाजूपुरतेच चालू ठेवा, आणि त्या बाजूला इंटरनेट जाता कामा नये.

आपण फिटिंगचे पैसे घेतो, तशी उघडलेल्या दाराची जबाबदारीही आपलीच. कोणता फोल्डर, कोणाला, वाचायला की लिहायला, हे बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून द्या. आणि या महिन्यात जुन्या पाच ग्राहकांकडे स्वतःहून जा. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट शेअर' चालवा, यादी मालकाला दाखवा आणि तुमच्या हातून मोकळा राहिलेला ड्राइव्ह तिथल्या तिथे बंद करा.