चंद्रावरची स्वारी आणि मंगळावरचा संसार

मनुष्याने पृथ्वी सोडून दुसऱ्या एखाद्या गोलावर वस्ती करावी काय, आणि केली तर ती टिकेल काय, हा प्रश्न एके काळी केवळ कादंबरीकारांचा होता. आज तो मधल्या सुटीतील वादाचा विषय झाला आहे. विज्ञानकथांचे व विज्ञानपटांचे चाहते आपल्या प्रत्येक वर्गात आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट होय. त्यांचे वाद कान देऊन ऐकले असता असे आढळते की, त्यांत दोन प्रश्न वरचेवर येतात. मंगळावर वस्ती होईल की नाही, हा पहिला. मुलगे तो मोठ्या हिरिरीने लढवितात. अशा कथांतून आणि चित्रपटांतून स्त्रीच्या वाट्याला कोणते काम येते, हा दुसरा. तो बहुधा एखादी मुलगी काढते, आणि ‘हा विषय वेगळा आहे’ असे सांगून तिला गप्प बसविले जाते. माझ्या मते हा विषय मुळीच वेगळा नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर मिळणेच शक्य नाही. असे का, ते येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६५ साली चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिली आणि १८७० साली तिचा उत्तरार्ध प्रसिद्ध केला. भा. रा. भागवतांनी हा लेखक मराठी मुलांच्या घरात आणून सोडला. ‘चंद्रावर स्वारी’ हे त्यांच्या पुस्तकाचे नाव पुष्कळ पालकांना आठवत असेल. व्हर्नच्या तोफगोळ्यात बसून तीन पुरुष निघतात. बरोबर दोन कुत्री आणि काही कोंबड्या घेतात. कुत्र्यांपैकी डायना ही मादी आहे, परंतु मनुष्यजातीची स्त्री त्या गोळ्यात एकही नाही. हे प्रवासी चंद्रावर उतरतही नाहीत. त्याला वळसा घालून ते परत येतात आणि समुद्रात पडतात. भागवतांनी योजलेला ‘स्वारी’ हा शब्द म्हणूनच अगदी समर्पक वाटतो. स्वारी म्हणजे जाणे, पराक्रम गाजविणे आणि घरी परतणे. जुन्या काळी आपल्या घरांतून बायका नवऱ्याचा उल्लेखही ‘स्वारी’ असाच करीत. स्वारी बाहेर पडे तेव्हा चूल पेटती ठेवणारे कोणी तरी मागे असे, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. १९६९ ते १९७२ या काळात प्रत्यक्षात जे बारा जण चंद्रावर चालले ते सारे पुरुष होते, आणि तेही परत आले. त्यांचा पराक्रम थोर होता, यात शंका नाही. परंतु ती स्वारी होती, वसाहत नव्हे.

वसाहत ही निराळीच वस्तू आहे. माझी मातृभाषा कोकणी असल्यामुळे हा शब्द माझ्या कानाला केवळ विज्ञानकथेतला वाटत नाही. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि १९६१ पर्यंत तो त्यांच्या ताब्यात राहिला. त्यांच्या गलबतांतून आरंभी जवळजवळ पुरुषच आले. तलवारीने गाव घेता येतो, पण वसविता येत नाही, हे आल्बुकर्कच्या लवकरच ध्यानात आले, आणि त्याने आपल्या शिपायांना येथील स्त्रियांशी लग्ने लावण्यास उत्तेजन दिले. पुढे त्याच शतकात पोर्तुगालच्या राजाने आपल्या देशातील अनाथ मुली गोव्यास धाडण्याची प्रथा सुरू केली. इतिहासात त्या ‘राजाच्या अनाथ कन्या’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्याशी विवाह करणाऱ्यास हुंड्यादाखल सरकारी हुद्दा मिळे. महिनोन्‌महिने समुद्र ओलांडून आलेल्या त्या मुलींना आपणांस कोठे जावयाचे आहे, असे कोणी विचारले होते काय? वसाहतीला स्त्रीची गरज होती, तिच्या मताची नव्हती. नव्या भूमीवर वस्ती करण्याच्या गोष्टी आज जे लिहितात आणि पाहतात, त्यांनी हा इतिहास एकदा तरी वाचावा. आधी ‘आपण’ जाऊ, बायकांचे मागाहून पाहू, असे म्हणणाऱ्यांनी बायकांचे काय पाहिले, ते त्यात लिहिलेले आहे.

आता मंगळाकडे वळू. तेथील हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. गुरुत्व पृथ्वीच्या अवघे ३८ टक्के आहे. तेथून पाठविलेला निरोप पृथ्वीवर पोहोचण्यास अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. अशा जागी राहावयाचे म्हणजे पाणी जपणे, अन्न पिकविणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, भांडणे मिटविणे आणि मुले वाढविणे, ही कामे प्रथम येतात. आजपर्यंत पृथ्वीबाहेर एकही मूल जन्मलेले नाही. जोपर्यंत तेथे पाळणा हलत नाही तोपर्यंत मंगळावर कितीही घुमट उभारले तरी ती छावणीच राहील. छावणीला शिपाई पुरतात, गावाला माणसे लागतात. मग ज्या कथेत स्त्री केवळ सोडविण्यापुरती, रडण्यापुरती किंवा नायकाच्या गळ्यात हार घालण्यापुरती येते, त्या कथेने गावाचा विचारच केलेला नाही, असे म्हणणे भाग पडते.

‘कथा ही करमणूक आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला?’ असा आक्षेप येईल. त्याला उत्तर अनुभवाने दिलेले आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. तीत उहुरा नावाची कृष्णवर्णीय स्त्री यानावरील संदेशवहनाची अधिकारी होती. तिला फार काही करावयास मिळत नाही, अशी त्या मालिकेच्या चाहत्यांतही तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. तरीही ती त्या खुर्चीत बसलेली दिसली, एवढ्याचाच परिणाम झाला. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांना १९७७ साली नासाने अंतराळवीरांच्या भरतीच्या प्रचारासाठी बोलाविले, आणि १९७८ साली निवडलेल्या ३५ उमेदवारांत प्रथमच ६ स्त्रिया होत्या. हे सारे एका मालिकेमुळे झाले असे मी म्हणणार नाही. परंतु १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने त्या मालिकेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. चित्रात जागा दिसली की मनात जागा होते.

उलट, जेथे जागा योजलेली नसते तेथे प्रत्यक्षातही अडचण उभी राहते. सुती कापडाच्या गिरणीत काम केलेल्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा १६ जून १९६३ रोजी अंतराळात गेल्या आणि त्यांनी पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या घातल्या. कापूस पिकविणाऱ्या आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाला तरी त्यांचे विशेष कौतुक वाटावे. परंतु त्यांच्यानंतर दुसरी स्त्री अंतराळात जाण्यास १९८२ साल उजाडले. आणखी एक उदाहरण पाहा. मार्च २०१९ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर दोन स्त्रियांनी मिळून काम करावे असा बेत होता. दोघींनाही मध्यम मापाचा पोशाख हवा होता, आणि त्या मापाचा धडाचा भाग तयार असा एकच होता. बेत बदलावा लागला. अखेर १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर यांनी ते काम सात तासांहून अधिक वेळ स्थानकाबाहेर राहून केले. अंगरख्याचे माप ठरते तेव्हा समोर कोणाची मूर्ती आहे, हा प्रश्न इतका व्यावहारिक आहे.

आपल्याकडील वादही याच जातीचा आहे. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले. पृथ्वीभोवतीची आपली कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवीत ते १ डिसेंबरला मंगळाच्या वाटेस लागले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले. २०२२ साली त्याच्याशी संपर्क तुटल्यामुळे ती मोहीम संपली. तिच्यावर आधारलेला ‘मिशन मंगल’ हा हिंदी चित्रपट १५ ऑगस्ट २०१९ रोजी प्रदर्शित झाला. कथा स्त्री-वैज्ञानिकांची असताना जाहिरातीच्या चित्रात नायकाचा चेहरा सर्वांत मोठा का, म्हणून चाहत्यांत वाद झाला. चित्रपटातील तारा शिंदे ही शास्त्रज्ञ, तापलेल्या तेलात गॅस बंद करूनही पुऱ्या तळता येतात, यावरून यानाचे इंधन वाचविण्याची युक्ती सुचविते. विज्ञान स्वयंपाकघरात कोंडले, असे कोणी म्हणाले, तर घरोघरच्या बायांना विज्ञान जवळचे वाटले, असे कोणी म्हणाले. मला पुरीचा दाखला मुळीच कमी प्रतीचा वाटत नाही. मंगळावर इंधन जपून वापरणाऱ्याचीच बुद्धी कामास येणार आहे. दोष इतकाच की, चुलीची आठवण कथेला बाईच्या संदर्भातच झाली. पुरुष शास्त्रज्ञही पुऱ्या खातातच की! घर हे दोघांचे असते हे ज्या कथेला सुचेल, तिलाच परग्रहावरचा संसार रंगविता येईल.

आता थोडे आपल्या गावाविषयी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये गोटमार होते. पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात आणि माणसे जखमी होतात. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही गावे एकमेकांवर उठली आणि ती दोघे मध्येच प्राणास मुकली, अशी तिची दंतकथा सांगतात. या कथेत मुलीला नाव नाही, आणि तिच्या तोंडी एक वाक्यही नाही. परंपरेविषयी आदर बाळगूनही एवढे म्हटले पाहिजे की, चाहत्यांचे वाद असे होऊ नयेत. ‘स्त्री अशी असावी’, ‘स्त्री तशी असावी’ म्हणून दोन काठांवरून आरोळ्या द्यावयाच्या आणि पात्रात उभ्या असलेल्या मुलीला मात्र काहीच विचारावयाचे नाही, हा प्रकार आपल्या वर्गात तरी बंद व्हावा.

पालकांनाही एक विनंती आहे. दहावीनंतर विज्ञानशाखा घ्यावयाची म्हणणाऱ्या मुलीला ‘तुला काय चंद्रावर जायचे आहे?’ असे थट्टेने विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु त्या एका थट्टेने कित्येक अर्ज भरावयाचे राहून जातात. २०१९ साली निघालेल्या चांद्रयान-२ च्या प्रकल्पसंचालिका एम. वनिता आणि मोहीमसंचालिका रितू करिधल होत्या, हे ध्यानात ठेवले तर ही थट्टा आपोआप थांबेल. चंद्राचे काम करण्यास चंद्रावर गेलेच पाहिजे असेही नाही.

विद्यार्थिनींनो व विद्यार्थ्यांनो, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कथांवर वाद घालून थांबू नका, स्वतः लिहा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. मागाहून कळले की ते जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. परीक्षकांनी नाव पाहिले नाही, कथा पाहिली. तुमच्याही कथेचे तसेच होईल. मंगळावरच्या पहिल्या गावाची गोष्ट सावरगावच्या मुलामुलींनी लिहावी. तीत विहीर कोणी खणली, भाकरी कोणी केली, यान कोणी दुरुस्त केले आणि सभेत कोण बोलले, हे नीट विचार करून ठरवावे. पुढील वर्षीच्या अंकात अशा कथांसाठी जागा निश्चित मिळेल.