दुभत्या गाईची रक्तशर्करा आणि आपला खुराक

माणसाच्या मधुमेहाविषयी आज खेडोपाडी बोलले जाते. रक्तातील साखर वाढली म्हणजे आहार सांभाळावा, हे पुष्कळांस ठाऊक झाले आहे. परंतु गोठ्यातील दुभत्या गाईच्या रक्तातही साखर असते, आणि तिला धोका असतो तो ती साखर वाढण्याचा नव्हे, तर घटण्याचा, ही गोष्ट फारशी कोणी विचारात घेत नाही.

मध्यंतरी एका शेतकरी बंधूंच्या गोठ्यात जाण्याचा प्रसंग आला. पंधरा लिटर दूध देणारी त्यांची संकरित गाय विऊन तीन आठवडे झाले होते. तिने आधी पेंड सोडली, मग भरडा सोडला; कडबा मात्र ती खात होती. दूध निम्म्यावर आले, शेण घट्ट झाले, तोंडाला गोडसर उग्र वास येऊ लागला. दृष्ट लागली म्हणून उतारे झाले, अशक्तपणा समजून गूळ चारला गेला, आणि अखेरीस येईल त्या किमतीस गाय विकण्याचे घाटत होते. पशुवैद्यांनी किटोसिस हा रोग ओळखून शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा गाय सावरली. परंतु बुडालेले दूध परत आले नाही.

या रोगाचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे. गाईच्या दुधात शेकडा सुमारे ४.८ भाग दुग्धशर्करा असते. म्हणजे पंधरा लिटर दुधाबरोबर रोज सुमारे ७०० ग्रॅम साखर शरीराबाहेर जाते. ती सर्व रक्तातील साखरेपासून बनते. रवंथ करणाऱ्या जनावरास ही साखर चाऱ्यातून आयती मिळत नाही. कोठीपोटातील सूक्ष्म जंतू चारा व धान्य आंबवून आम्ले तयार करतात, आणि त्यांतील एका आम्लापासून यकृत साखर घडवते. विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, पण भूक तितकी वाढत नाही. मग अंगावरची चरबी वितळू लागते, ती अर्धवट जळून रक्तात कीटोन साचतात, भूक आणखी मंदावते आणि दुष्टचक्र सुरू होते. अशा वेळी चारलेला गूळ कोठीपोटातच आंबतो. तो साखर म्हणून रक्तात पोहोचत नाही. तो फार झाल्यास आम्लता वाढून नवीच व्याधी जडते.

माझ्या मते या बाबतीत आम्हा कार्यकर्त्यांचाही दोष आहे. ‘दूध हवे तर खुराक वाढवा’ एवढेच आम्ही सांगत आलो. तो केव्हा व कसा वाढवावा, हे सांगितले नाही. दूध न देणाऱ्या गाईवर खर्च कशाला, असा प्रश्न शेतकरी करतात. तो स्वाभाविक आहे, परंतु हिशेबाचा नाही. पुढील वेताचे दूध भाकड काळातच ठरत असते.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस गाय आटवावी. या काळात तिला उपाशी ठेवू नये, तशीच फार लठ्ठही होऊ देऊ नये. लठ्ठ गाईस हा रोग लवकर जडतो. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी भरडा व पेंडीचा खुराक थोडा थोडा सुरू करावा, म्हणजे कोठीपोटातील जंतूंना त्याची सवय होते. विल्यावर तो एकदम न वाढवता दर दोन दिवसांनी अर्धा किलो या बेताने वाढवावा. शरीरपोषणासाठी दीड ते दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हे प्रमाण धरावे. हिरवी वैरण व कडबा कधीही तोडू नये.

विल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात गाय पेंड टाकून कडबा खाऊ लागली, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता पशुवैद्यांस बोलवावे. दुसऱ्या व्याधींचीही लक्षणे अशीच दिसतात. त्यांचा निवाडा त्यांनीच करावा.

ग्रामसेवक बंधूंनी आपल्या गावातील गाभण गाईंची यादी करून, त्या विण्यापूर्वीच त्या त्या गोठ्यास भेट द्यावी. विल्यानंतर दिलेल्या दहा सल्ल्यांपेक्षा विण्यापूर्वी दिलेला एक सल्ला शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.