‘टक’ की ‘टक-टक-टक-टक’?

पहिल्या बोनसमधून बाबांना बाइक कुणी कुणी घेऊन दिली? हात वर करा बघू. म्हणजे जवळजवळ निम्मं ऑफिस!

हिंजवडीत कुठल्याही कँटीनमध्ये जा, एक तरी वाशिमकर भेटतोच. कुणी रिसोडचा, कुणी मंगरूळपीरचा, कुणी कारंज्याचा. दिवाळीला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून तो पहाटे गावी उतरतो, आणि ओट्यासमोर त्याने घेऊन दिलेली नवी गाडी उभी असते. बाबांची ती जुनी, खोकणारी, साइड कव्हर दोरीने बांधलेली गाडी केव्हाच मोडीत गेली. नवीला डिजिटल मीटर, सेल्फ स्टार्ट, ट्यूबलेस टायर, सगळं आहे. एकच गोष्ट नाही. किक!

तिचं नसणं कुणाच्या लक्षातही येत नाही. मग एक दिवस साडेपाचच्या कॉलमध्ये तुम्ही म्यूटवर असताना फोन थरथरतो. “गाडी चालू नाही होऊन राह्यली रे.” बाबा शेतात. गाव आठ किलोमीटर. अंधार पडायला आलाय. त्यांच्या मोबाइलमध्ये दोन काड्या, आणि तुम्ही साडेचारशे किलोमीटर लांब, एसीमध्ये. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला परवानगीच नाही. त्यामुळे बाइकचं आयुष्य शेतरस्त्यावर आणि आडमार्गावरच जायचं. तिथे वर्दळ असते ती दिवसा.

अशा वेळी बाबा काय करत असतात? बटण दाबत असतात. पुन्हा. पुन्हा. आणि पुन्हा.

यात त्यांचा काही दोष नाही हं. त्यांची पिढी १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर चालवत मोठी झाली. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत ठिणगीपुरता करंट इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटमधूनच मिळायचा. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरसाठी. ती पार मेली तरी दहा किका मारल्या की अकराव्या किकेला गाडी फुरफुरायची. ‘मारत राहा, होईल चालू’ हे ज्ञान तेव्हा शंभर टक्के बरोबर होतं.

आज ते उलटं पडतं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट दिवसाही आपोआप चालू राहतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोल पुढे ढकलणारा पंप विजेवर, किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर विजेवर आणि इंजिन फिरवणारी मोटरही विजेवर. सगळा संसार त्या पुस्तकाएवढ्या १२ व्होल्टच्या डब्यावर! त्यात जे काही उरलंय ते प्रत्येक दाबण्यासरशी आणखी उतरतं.

म्हणून फोनवरचं पहिलं वाक्य: “बाबा, बटण सोडा. आता मी विचारतो तेवढंच सांगा.”

एक. चावी फिरवल्यावर मीटर उजळतो का? हॉर्न नेहमीसारखा वाजतो का? हॉर्न हा गरिबाचा व्होल्टमीटर. खणखणीत वाजला तर बॅटरीत जीव आहे. मांजराचं पिल्लू बोलल्यासारखा वाजला तर बॅटरी उतरली. काहीच नाही, मीटरही काळा? तर मग मेन फ्यूज किंवा बॅटरीचं सुटलेलं टर्मिनल यांच्यावर पहिला संशय.

दोन. “आता फोन सीटजवळ धरा आणि एकदाच बटण दाबा.” खरा निकाल इथे लागतो. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला तर घोळ बहुधा बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलमध्ये आहे. स्टार्टर मोटर इतका करंट ओढते, की अशक्त बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो. सुटला की व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा चिकटतो. तीच ती टकटक. एकच दणकट ‘टक’, लाइट छान, पण इंजिन हलत नाही? मग रिलेच्या आतले पॉइंट जळालेत किंवा मोटरचे कार्बन झिजलेत. ते शेतात दुरुस्त होत नाही, कुणाची तरी गाडी बोलवा. आणि लाइट आहे, हॉर्न आहे, पण बटण दाबल्यावर साधा ‘टक’ही नाही, तर हसू नका, उजव्या हातापाशी असलेला लाल किल स्विच बघायला सांगा. शेजारचं पोरगं गाडीवर बसून ‘भुर्र’ करून गेलेलं असतं! त्यानंतर साइड स्टँड पूर्ण वर करा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका, क्लच दाबून बघा. कित्येक गाड्यांत यांचे स्विच स्टार्टरची वाट अडवतात, आणि स्टँडच्या स्विचमध्ये आपली काळी माती गच्च बसलेली असते.

इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, ही वेगळी केस. चावी फिरवल्यावर दोन सेकंद ‘झ्झ्झ’ असा पंपाचा आवाज येतो का, ते ऐकायचं. नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. (आणि हो, पेट्रोल आहे ना, हेही विचारा. राग आला तरी चालेल.)

माझ्या एका मित्राच्या घरी गेल्या सोयाबीनच्या हंगामात हेच झालं. फोनवर टकटक ऐकू आली. त्याने सीट उघडायला लावली. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलेलं आणि बोल्ट बोटाने फिरत होता. वडिलांनी चिमट्याने आवळला, गाडी चालू. मीटिंगमधल्या क्लायंटला काही कळलंही नाही. मित्राने पुढच्या खेपेला घरी एक साधा मल्टिमीटर नेला. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आता वडील फोनवर तब्येत सांगावी तसा आकडा सांगतात. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२ ला आली तर रिकामीच समजा. बटण दाबताना १० च्या खाली गेली तर म्हातारी झालीय. आणि इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. दिसत नसेल तर नवी बॅटरी टाकूनही उपयोग नाही. चार्जिंगची कॉइल किंवा आरआर युनिट गेलंय, नवीही चार दिवसांत बसेल. हा एक आकडा बघितला नाही म्हणून लोक वर्षात दोन-दोन बॅटऱ्या घेतात.

धक्का स्टार्ट? जरूर. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा आणि सोडा. पण मीटरच उजळत नसेल तर इंजेक्शनच्या गाडीला ढकलण्यात नुसता घाम जातो. पंपाला आणि कॉम्प्युटरला जागं व्हायला थोडा तरी करंट लागतो. आणि एकदा चालू झाली की घर येईपर्यंत बंद करू नका, वाटेत पानटपरी लागली तरी!

फ्यूजबद्दल मात्र कडक बोला. फ्यूज बॉक्समध्ये बहुतेक वेळा एक जादा फ्यूज असतो, तो त्याच आकड्याचा असेल तरच लावायचा. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडून शॉर्ट होतेय. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार तिथे घालणारे हुशार लोक प्रत्येक चौकात आहेत. त्यानंतर फ्यूज उडत नाही, वायरिंग जळतं. वायरिंगच्या अगदी जवळ पेट्रोलची टाकी आहे, एवढंच सांगा. म्यूझिकल हॉर्न आणि एलईडी फोकस नुसत्या टेपने जोडून देणाऱ्यांनाही हेच सांगा.

आता दिवाळीला जाल तेव्हा अर्धा तास काढा. टर्मिनल सोडताना आधी काळं, जोडताना काळं शेवटी. खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने पुसा, कोरडं करा, आवळा, वर व्हॅसलीन. बॅटरी पाण्याची असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघा. विदर्भाच्या मे महिन्यात ते झपाट्याने आटतं आणि उन्हाने बॅटरीचं आयुष्यही घटतं. दहा नंबरचा पाना आणि दोन फ्यूज सीटखाली ठेवा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर काळी वायर काढूनच ठेवायला सांगा. आणि सोयाबीनची पोती जिथे रचलीत त्या खोलीत गाडी लावू देऊ नका. पोत्यांमागे उंदीर येतात, आणि पोती विकली गेली की ते वायरिंगकडे वळतात.