दात पिवळे, म्हणून तोंड मिटून का हसायचं?

मुलांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "डॉक्टरताई, माझे दात पिवळसर आहेत. धाकट्या भावाचे मात्र पांढरेशुभ्र! स्नेहसंमेलनाच्या फोटोत मी तोंड मिटूनच उभी राहिले. कुणीतरी सांगितलं म्हणून पंधरा दिवस लिंबू-मीठ घासतेय. रंग बदलला नाही, पण आता गार पाणी प्यायलं की दात ठणकतात. डॉक्टरांकडे दात पांढरे करून मिळतात म्हणे. मला करता येतील का?"

आधी एक काम कर. ते लिंबू-मीठ आजच्या आज बंद! दातावर इनॅमलचं कठीण कवच असतं. लिंबातलं आम्ल ते मऊ करतं आणि मीठ ते खरवडतं. नख कापलं तर पुन्हा वाढतं, पण झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. त्याच्या खाली असतो डेंटिनचा थर, आणि तो मुळातच पिवळसर. म्हणजे घासून घासून दात आणखी पिवळेच दिसणार! कोळसा, राख, विटेची पूड यांनीही दात असेच झिजतात. मिसरी तर भाजलेला तंबाखूच. घरी कुणी लावत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

आता भावाचं कोडं. त्याचे आहेत दुधाचे दात. कायमचे दात त्यांच्यापेक्षा थोडे पिवळसरच असतात. तेव्हा तुझ्या दातांना झालंय काहीच नाही, ते फक्त मोठे झालेत!

डॉक्टरांकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. एक म्हणजे सफाई. तीत दातांवरचं कीटण आणि चहाचे डाग निघतात, दाताचा मूळ रंग बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ब्लीचिंग. त्यात आधी दात किडलेत का, हिरड्या धड आहेत का, हे पाहतात. रंगांच्या नमुन्यांशी दात ताडून नोंद करतात. मग हिरड्या झाकून दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात. ते आत शिरून रंगाचे कण फोडतं. या कामाला तास-दीड तास लागतो. काही वेळा दातांच्या मापाचा साचा करून देतात आणि त्यात सौम्य जेल भरून तो घरी दोनेक आठवडे लावायचा असतो.

मग दात भिंतीसारखे पांढरेफेक होतात का? नाही. रंग काही छटांनी उजळतो. काही दिवस दात शिवशिवतात. सुरुवातीला चहा, कॉफी, हळदीची आमटी टाळावी लागते. सिमेंट भरलेल्या किंवा टोपी बसवलेल्या दाताचा रंग बदलतच नाही. आणि उजळलेला रंगही हळूहळू उतरतो.

तुला हे करता येईल का? आत्ता नको. तुमच्या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असते, त्यामुळे त्रास लवकर होतो. युरोपीय संघात तर 2012 पासून असली जेल 18 वर्षांखालच्या मुलांसाठी वापरायला नियमानेच मनाई आहे. पण पडून-आपटून एखादा दात काळा पडला किंवा दातांवर तपकिरी चट्टे असले, तर मात्र वाट पाहू नका. दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

आईबाबांना एक विनंती. ब्लीचिंगचा विचार तूर्त राहू द्या, पण हिचे दात ठणकताहेत, त्यासाठी तिला एकदा डॉक्टरांकडे न्या. बाकी सकाळी आणि झोपताना, मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, एवढं पुरे.

आणि मैत्रिणी, पुढच्या फोटोत छान दात दाखवून हस बरं का!

तुमची,
डॉक्टरताई