गौरवाची शाल आणि ठाण्यांतली खुर्ची

स्त्री पोलीस-अधिकाऱ्यांचा गौरव करण्याची आपली रीत ठरून गेली आहे : शाल, श्रीफळ आणि ‘रणरागिणी’ ही पदवी. समारंभ जुन्नर तालुक्यांतला असला तर शिवनेरी जवळच असल्यामुळें जिजाबाईंचें स्मरणही ओघानें येतें. या गौरवास आमचा विरोध नाहीं. परंतु एवढ्यानें आपलें कर्तव्य संपलें असें मानणें ही शुद्ध आत्मवंचना आहे.

१९७२ सालीं किरण बेदी या भारतीय पोलीस सेवेंत दाखल होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत, एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. उच्च न्यायालयानें दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. देशभर क्षोभ उसळला, तेव्हां कोठें १९८३ सालीं कायदा सुधारला. एक स्त्री शिखरावर पोहोंचल्यानें पायथ्याची वाट निर्धोक होत नाहीं, हें तेव्हांच दिसून आलें होतें.

पुढें २०१० सालीं मीरा बोरवणकर पुण्याच्या पहिल्या स्त्री पोलीस आयुक्त झाल्या. जानेवारी २०२४ मध्यें रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या स्त्री पोलीस महासंचालक झाल्या. “आतां आणखी काय हवें ?” असें कोणी विचारील, तर त्यास आम्ही ओतूरला घेऊन जाऊं. श्रावणी सोमवारीं कपर्दिकेश्वराच्या गर्दींत बंदोबस्तास उभी असलेली स्त्री शिपाई सर्वांस कौतुकाची वाटते. पण मळ्यांतल्या वस्तीवरची एखादी बाई अत्याचार सोसून मध्यरात्रीं ठाण्याची पायरी चढेल, तेव्हां तिची फिर्याद घेण्यास स्त्री अधिकारी हजर असेल काय ? लैंगिक गुन्ह्याची पीडित स्त्रीनें दिलेली फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेंच नोंदवावी, असें १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेली नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. तेव्हां अशा नेमणुका करणें हा स्त्रियांवर उपकार कसला ? तें कायद्याचें साधें पालन आहे.

“बायकांस रात्रपाळी झेपत नाहीं” हा आक्षेप तर हास्यास्पद आहे. रुग्णालयांत परिचारिका रात्रभर जागतात, तें कोणास खटकत नाहीं. हातीं अधिकार आला, कीं मात्र आपल्याला तिचें अबलापण आठवतें !

म्हणून आमची विनंती एवढीच, कीं या स्त्रियांस देवी करूं नका. देवीला राहावयास घर, स्वच्छतागृह आणि वेळेवर बढती लागत नाहीं. तिला चुकीचा जाबही कोणी विचारीत नाहीं. त्यांस अधिकारी म्हणा, अधिकाऱ्याच्या सोयी द्या, आणि चुकल्यास अधिकाऱ्याप्रमाणेंच जाब विचारा. शाल पुढल्या वर्षीं दिली तरी चालेल. ठाण्यांतली ती खुर्ची आज रात्रीं रिकामी राहतां कामा नये.