मुंबईचें जेवण आणि आमचें सोंवळें

निफाडाहून मुंबईस गेलेला आमचा सुशिक्षित गृहस्थ परत आला कीं त्याच्या तोंडून एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "मुंबईंत धड जेवायला मिळत नाहीं." परवां एका विवाहाच्या पंगतींत एका पदवीधर स्नेह्यानें त्यास पुस्ती जोडली, "बाहेरच्या लोकांनीं तेथलें खाणें बिघडविलें." या मताचा समाचार घेणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

बाहेरचे म्हणजे कोण? धोबीतलावावरील कयानी १९०४ पासून उभें आहे. बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानियाची स्थापना १९२३ ची. इराणी आंबट बेरींच्या पुलावासाठीं लोक तेथें रांग लावतात. माटुंग्यास रामा नायकांनीं १९४२ सालीं केळीच्या पानावर उडुपी जेवण वाढावयास आरंभ केला. हे बाहेरचे, तर मुंबईचा कोण?

बंदर म्हणजे देवघर नव्हे. मिरची कोलंबसाच्या लोकांस पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर आढळली. पुढें पोर्तुगीजांनीं ती आमच्या किनाऱ्यास आणिली. पाव हा शब्दही त्यांचाच. उलट १८४५ सालीं कलकत्त्याहून मजूर त्रिनिदादास गेले. त्यांची रोटी नि चण्यांसह खाल्ला जाणारा बारा आज त्या बेटाचें आवडतें अन्न आहे. त्या बेटांनीं आम्हांस मिरची दिली, आम्हीं त्यांस रोटी. यांत बिघडलें कोणाचें? आणि ज्या निफाडच्या मळ्यांत थॉमसन सीडलेस द्राक्षें पिकतात, त्यानें तरी बाहेरच्या वस्तूंवर रुसूं नये.

खरें कारण निराळें आहे. आमचा गृहस्थ स्टेशनाजवळच्या अशा हॉटेलांत शिरतो, जेथें एकाच पत्रकांत पंजाबी, चिनी आणि मद्रासी असे सर्व देव बसविलेले असतात. आणि मग दोष शहरास देतो. चांगलें उपाहारगृह शोधण्याची रीत साधी आहे. ज्या समाजाचें अन्न, त्याची वस्ती गांठावी; त्यांतील वडीलधारीं माणसें कोठें जेवतात तें पाहावें; पदार्थ मोजके असावेत आणि ते वेळेआधीं संपत असावेत. बोहऱ्यांचें अन्न भेंडीबाजारांत, दक्षिणेचें माटुंग्यास शोधावें; मराठी फराळासाठीं दादरास मामा काणे १९१० पासून आहेतच.

येथें आमचीही कबुली देतों. विद्यार्थीदशेंत दोन वर्षें एका इराण्याच्या दारावरून आम्ही रोज गेलों. आंत एकदांही पाऊल टाकलें नाहीं. पुढें गेलों, तेव्हां त्या दारास कुलूप होतें. असे कित्येक इराणी आतां बंद झाले आहेत.

कोणी म्हणेल, शाकाहाऱ्यानें काय करावें? त्यानें आपलें व्रत अवश्य पाळावें. बन-मस्का आणि चहा कोणाचें व्रत मोडीत नाहींत. परंतु स्वतःच्या जिभेची मर्यादा ही शहराची उणीव म्हणून सांगूं नये.

न्यायमूर्ति रानड्यांचा जन्म १८४२ सालीं याच निफाडांत झाला. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रसंगावरून त्यांच्यासह अनेकांवर गहजब झाला. अखेर रानड्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्या प्रायश्चित्ताची आज आम्हांस लाज वाटते. मात्र ज्या वृत्तीनें तें घ्यावयास लावलें, ती अजून जिवंत आहे. पूर्वी ती धर्माचें नांव घेई, आतां ती रुचीचें घेते, इतकेंच.